घटक ५ : पाहणे आणि भेटणे – प्रवासवर्णनाच्या भाषेचा एक अभ्यास

प्रस्तावना



मागील घटकात आपण मराठी प्रवासवर्णनाची वाटचाल थोडक्यात अभ्यासली. विष्णुभट गोडसे यांचा १८५७ च्या धामधुमीतील प्रवास १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने ग्रंथरूपात आला. अनंत काणेकर यांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०), गंगाधर गाडगीळ यांचे ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) या पुस्तकांनी युरोप मराठी वाचकाच्या घरात आणला. त्या काळी युरोपला जाणे हीच अपूर्वाई होती. जो गेला त्याने पाहून यावे आणि जे जाऊ शकत नाहीत त्यांना सांगावे, असा लेखक-वाचकांमधील अलिखित करार होता.

आज तो करार बदलला आहे. नांदेड-लातूर परिसरातील अनेक घरांतील मुलगा, सून, लेक वा भाचा नोकरीशिक्षणासाठी जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशा देशांत आहे. आई-वडील देवगिरी एक्सप्रेसने किंवा लातूर-मुंबई गाडीने मुंबई गाठतात आणि तेथून विमानाने जातात. शेंगेन व्हिसाच्या नियमाप्रमाणे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, म्हणून कित्येक जण जेमतेम तीन महिन्यांचा बेत आखतात. हे प्रवासी प्रामुख्याने माणसे भेटायला जातात. शहरे वाटेत येतात. अशा प्रवासाचे वर्णन कोणत्या भाषेत करावयाचे, हा या घटकाचा विषय आहे.

एका निबंधाची हकिकत

आमच्या अभ्यासकेंद्रावरील एका विद्यार्थिनीने, वयाने त्या माझ्याहून मोठ्या होत्या, ‘माझा युरोप प्रवास’ हा स्वाध्याय लिहून आणला. सहा वर्षांनी त्या मुलाला भेटल्या होत्या. निबंधाची सात पाने होती. आयफेल टॉवरची उंची, ॲमस्टरडॅमचे कालवे, ऱ्हाईन नदीकाठचे किल्ले असे सर्व काही नीटस उतरले होते. मुलाची भेट मात्र एका वाक्यात संपली होती : ‘विमानतळावर चिरंजीव घ्यायला आले होते.’ मी विचारले, ‘यापुढे काय झाले?’ त्या म्हणाल्या, ‘त्यात सांगण्यासारखं काय आहे, सर? माय-लेकरं भेटली.’

त्यांच्या त्या तोंडी वाक्यात सात पानांहून अधिक प्रवासवर्णन होते, असे माझे मत आहे. परंतु ते मत म्हणून न सोडता आपण ते व्याकरणातून तपासून पाहू.

‘पाहणे’ आणि ‘भेटणे’

‘पाहणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. ‘तिने टॉवर पाहिला, तिने नदी पाहिली’ या कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. पाहणारी व्यक्ती ‘ने’ प्रत्यय लावून बाजूला उभी राहते. ‘भेटणे’ या क्रियापदाची गोष्ट वेगळी आहे. ‘ती मुलाला भेटली’ येथे क्रियापद ‘ती’प्रमाणे चालते. उलट ‘तिला मुलगा भेटला’ असे म्हटले, की क्रियापद ‘मुलगा’प्रमाणे चालते. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, मात्र त्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात ती हेतुपूर्वक गेली आहे, तर दुसऱ्यात भेट तिच्या वाट्याला आली आहे. ‘मी बाजारात मित्राला भेटलो’ आणि ‘मला बाजारात मित्र भेटला’ या वाक्यांची तुलना केल्यास हा भेद लगेच ध्यानात येईल.

तिसरी रचना अधिक महत्त्वाची आहे : ‘आम्ही भेटलो.’ येथे कर्माची गरजच उरत नाही, कारण दोघेही कर्ते आहेत. ‘आम्ही पाहिले’ हे वाक्य मात्र अपुरे वाटते. काय पाहिले, हा प्रश्न उरतोच. ‘माय-लेकरं भेटली’ या वाक्यात कोण कोणाकडे गेले, तिकीट कोणी काढले, हे सर्व पुसले जाते आणि केवळ एकत्र येणे उरते.

येथे एक अवांतर सूचना करतो. आपल्या भागात ‘तिकीट भेटलं नाही’ असे सर्रास म्हटले जाते. प्रमाण लेखनात वस्तू ‘मिळते’ आणि माणूस ‘भेटतो’. उत्तरपत्रिकेत हा भेद पाळावा. पण प्रवासवर्णनातील पात्राच्या तोंडचा ‘भेटलं’ दुरुस्त करू नये. लातूर-उदगीरकडची आई म्युनिकच्या स्वयंपाकघरात उभी राहून मुलाला ‘काय करूलालास?’ असेच विचारणार. तेथे ‘काय करीत आहेस?’ असे लिहिले, तर बाई बदलते.

स्थळाच्या बाबतीतही मराठीला केवळ ‘पाहणे’ पुरत नाही. संग्रहालयाला आपण ‘भेट देतो’, देवाचे ‘दर्शन घेतो’. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणासाठी लंडनमध्ये असताना १९२१-२२ या काळात किंग हेन्रीज रोडवरील ज्या १० क्रमांकाच्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि तेथे स्मारक झाले. मराठवाड्यातून गेलेले कुटुंब त्या दाराशी उभे राहते, तेव्हा ‘आम्ही घर पाहिले’ हे वाक्य त्यांना पुरेल का? वीट-चुन्याच्या वास्तूसाठी त्यांच्या मनात येणारे क्रियापद कोणते असेल, याचा विचार करावा. वारकरी पंढरपूरला माहेर मानतो आणि विठोबाच्या ‘भेटीला’ जातो. स्थळाला नाते मानण्याची ही सवय आपल्या भाषेत जुनी आहे.

‘आम्ही’ आणि ‘आपण’

ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ असा भेद मराठीत आहे. इंग्रजी वा जर्मन भाषेत यासाठी एकच सर्वनाम आहे. भेटीच्या प्रवासवर्णनात या भेदाइतके बोलके दुसरे साधन मला आढळलेले नाही.

त्याच विद्यार्थिनीने पुढे बोलता बोलता सांगितले. रविवारी दुपारी त्यांनी मिक्सर लावला, तर आठ वर्षांचा नातू म्हणाला, ‘आजी, आमच्याकडे रविवारी आवाज करत नाहीत.’ जर्मनीत रविवारी शांतता पाळण्याचा दंडक आहे आणि मुलाने सांगितले ते खरेच होते. आजीला बोचला तो नियम नव्हे, तर ‘आमच्याकडे’ हा शब्द. नातवाच्या ‘आम्ही’मध्ये आजी नव्हती. ‘आपल्याकडे’ म्हणाला असता, तर त्याच नियमाने ती त्या घरातली झाली असती. निघायच्या आठवड्यात मात्र तोच मुलगा विचारीत होता, ‘आजी, आपल्या लातूरच्या घरी गच्ची आहे का?’ ही दोन वाक्ये त्यांच्या निबंधात नव्हती. ती लिहिण्यासारखी आहेत, असे त्यांना वाटलेच नव्हते.

स्वामित्वदर्शक सर्वनामांकडेही असेच लक्ष द्यावे. ‘माझा प्रवास’मध्ये गोडसे यांचा आहे तो प्रवास, दीर्घकाळ लंडनला राहिलेल्या मीना प्रभू यांच्या ‘माझं लंडन’मध्ये ‘माझं’ आहे ते शहरच. पाहुण्याला असे शीर्षक सुचणे कठीण.

नातेवाचक शब्द आणि दूरध्वनी

जर्मन भाषेत मावशी, आत्या, काकू आणि मामी या सर्व ‘टांटे’ असतात. तेथे वाढणाऱ्या मराठी मुलाला हे चार शब्द वेगळे शिकवावे लागतात आणि ती व्यक्ती प्रत्यक्ष भेटल्याखेरीज शब्द टिकत नाही. पडद्यावरील आत्या आणि मावशी सारख्याच दिसतात. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर सांभाळीत होणाऱ्या संभाषणात ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ हे शब्दही सतत जागा बदलतात. आई ‘इकडे कधी येणार?’ विचारते आणि मुलगा ‘तिकडे पाऊस आहे का?’ म्हणतो. दोघेही नांदेडविषयीच बोलत असतात.

लेकीच्या घरी जाणाऱ्या आई-वडिलांची अडचण आणखी जुनी आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही न पिण्याची रीत अनेक घरांत होती. तीन महिने लेकीच्या फ्रँकफर्टमधील घरी राहणारे वडील ही रीत मोडतात, तेव्हा तो संकोच त्यांच्या बोलण्यात कोठे दिसतो? बहुधा भाजी आणण्याच्या, पैसे देण्याच्या आग्रहात. त्यावर पानभर लिहिता येईल.

पत्र : पहिले रूप

१८८३ साली पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. त्या प्रवासाचा त्यांचा वृत्तान्त, ‘इंग्लंडचा प्रवास’, हे मुळात सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले पत्र होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. समोर ओळखीचा माणूस असला, की लेखक माहितीपुस्तिकेतील मजकूर उतरवीत नाही. त्या माणसाला काय सांगायचे आहे, तेवढेच सांगतो. आमच्या विद्यार्थिनीने दुसरा खर्डा धाकट्या बहिणीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात केला. आयफेल टॉवर त्यात होता, पण दोन ओळींत. विमानतळावरील निरोप मात्र दीड पान झाला. त्यात मुलगा ‘नीट जा’ म्हणतो आणि आई सवयीने उत्तर देते, ‘येते.’

स्वाध्याय

१. आपल्या घरातील एखाद्या भेटीचे वर्णन, परदेशातील नसले तरी चालेल, जवळच्या व्यक्तीला लिहिलेल्या पत्राच्या रूपात ३०० शब्दांत लिहा. त्यातील ‘आम्ही’ व ‘आपण’ या सर्वनामांखाली रेघ ओढा आणि प्रत्येक ठिकाणी कोण आत आहे व कोण बाहेर, ते समासात नोंदवा.

२. मराठी माणूस निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आपल्या गावातील वडीलधाऱ्या तीन व्यक्तींना याचे कारण विचारा आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून आणा.