टोबॅगोच्या वाळूतलं गोड फळ

1999 साली एक ब्रिटिश रेडिओलॉजिस्ट सुट्टीला टोबॅगो बेटावर गेली होती. पांढरी वाळू, माडांच्या रांगा, आणि वाळूत नारळ-आंब्यांच्या जोडीने विखुरलेली हिरवी, गोल, लहान सफरचंदासारखी फळं. बाईंनी त्यातलं एक उचललं आणि चावा घेतला. चव छान गोड होती, म्हणून सोबतच्या व्यक्तीनेही चाखलं. काही क्षणांतच तोंडात मिऱ्यासारखी चुरचुर सुरू झाली. मग आग आग, मग घसा आवळू लागला. दोन तासांत घास गिळणं मुश्किल झालं. बहुतेक दारूंनी आग भडके, पिन्या कोलाडाने किंचित उतरे, आणि त्याहून बरा उतार पडे तो नुसत्या दुधाने. आठेक तासांनी तोंडाची आग ओसरू लागली, तेव्हा मानेतल्या गाठी दुखायला लागल्या. गावातल्या लोकांना हकीकत सांगितली तर ते हादरलेच. हे फळ खाऊन माणूस धडपणे बोलतोय, यावर त्यांचा विश्वास बसेना.

बाईंनी हा सगळा प्रकार 2000 च्या ऑगस्टमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतः लिहून काढला. कॅरिबियन सहलीवर निघालेल्या प्रत्येकाने ट्रॅव्हल कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकाआधी हे वाचावं, असं माझं मत आहे.

झाडाचं नाव मँचिनील. एरंडाच्या कुळातलं. कोकणात कुंपणाला शेर लावतात, त्याचा चीक डोळ्यांत गेला तर काय होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कुळाची ओळख वेगळी करून द्यायला नको. मँचिनील मात्र त्याहून कितीतरी जहाल. पांढरा चीक कातडीला लागला की फोड येतात. पाऊस सुरू झाला म्हणून आडोशाला झाडाखाली उभं राहावं, तर पानांवरून निथळणारं पाणीही भाजतं. लाकूड पेटवलं तर धुराने डोळे जातात की काय अशी अवस्था. कॅरिबियनमधल्या काही बेटांवर अशा झाडांच्या खोडाला लाल पट्टा मारलेला असतो किंवा पाटी लावलेली असते. सगळीकडे असतेच असं नाही. तेव्हा किनाऱ्यावर चटई पसरण्याआधी शहाळीवाल्याला किंवा कोळ्याला सरळ विचारावं, की बाबा रे, इथे बसलं तर चालेल ना? त्याला या प्रश्नाचं हसू येत नाही.

त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटं मिळून एक देश. कॅरिबियनमधली इतर बेटं सोडून मराठी माणसाने इथेच का जावं, याला कारणं आहेत. 30 मे 1845 रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातून करारावरचे मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. त्यांची पणतवंडं-खापरपणतवंडं आज इथली मोठी वस्ती आहे, आणि 30 मे हा ‘आगमनदिन’ ही राष्ट्रीय सुट्टी. शिवाय पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल. 1971 च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदाच कसोटीत हरवलं ते इथे. दिलीप सरदेसाईंचं शतक, आणि पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सुनील गावसकरांच्या 65 आणि नाबाद 67. मालिकेतली शेवटची कसोटीही याच मैदानावर झाली, तिच्यात गावसकरांनी 124 आणि 220 काढल्या. लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणंच रचलं. ज्यांच्या घरी रेडिओला कान लावून त्या धावा मोजल्या गेल्या, त्यांनी दिवसाउजेडी ओव्हलवर एक चक्कर मारावी.

दिवसाउजेडी म्हटलं ते मुद्दाम. त्रिनिदादमध्ये टोळ्यांची गुन्हेगारी हा खरा प्रश्न आहे. 2024 च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा 2025 च्या जुलैमध्ये सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. अंधार पडल्यावर राजधानीत पायी भटकू नये, टॅक्सी हॉटेलकडूनच मागवावी, आणि अमुक भागात जाऊ नका असं हॉटेलवाल्याने सांगितलं तर वाद घालू नये. टोबॅगो त्या मानाने निवांत.

आता समुद्र. पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगर ओलांडून पाऊण-एक तासात माराकास बे येतो. अर्धचंद्राकार किनारा, मागे हिरवे कडे, आणि तळलेल्या पावात मासा घालून देणाऱ्या टपऱ्यांची रांग. ‘बेक अँड शार्क’ हे तिथलं प्रसिद्ध खाणं. शार्क जगभर कमी होत चाललेत, म्हणून सुरमईच्या जातीतला किंगफिश मिळाला तर तो घ्यावा. पावात काहीही असो, वरच्या चटण्याच खरा खेळ करतात.

पण माराकासच्या लाटांना ओढ आहे. लाटेचं पाणी किनाऱ्यावर येतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत परततं. वरून तो पट्टा उलट शांत दिसतो, लाटा फुटत नाहीत, आणि नवखा माणूस ‘इथे बरं आहे’ म्हणून नेमका तिथेच शिरतो. विहिरीत किंवा नदीत पट्टीचा पोहणारा इथे जास्त फसतो, कारण तो किनाऱ्याच्या दिशेने सरळ हात मारत बसतो आणि दमतो. अशा ओढीत सापडलं तर धडपड थांबवून तरंगावं, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावं, मग लाटांबरोबर वळावं. त्याआधीचं सोपं काम म्हणजे जीवरक्षकांचे झेंडे पाहणं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरायचं. नुसता लाल असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही. अलिबागला किंवा गोव्याला हेच नियम मोडून वर सेल्फी काढणारे महाभाग असतात, ते ती सवय इथेही बरोबर घेऊन येतात.

टोबॅगोचं पाणी पुष्कळ शांत. पिजन पॉइंट आणि स्टोअर बेहून काचेच्या तळाच्या बोटी बकू रीफला जातात, आणि पुढे नायलॉन पूल नावाच्या जागी समुद्राच्या मधोमध कंबरभर पाण्यात, पांढऱ्याशुभ्र वाळूवर उभं राहता येतं. हे जरूर करावं. मात्र प्रवाळावर पाय टेकू नये. तो दगड वाटतो, पण जिवंत असतो. एका पावलाने मोडलेला तुकडा वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि तळव्याला झालेली जखम सहज चिघळते. दुसरी गोष्ट पाठीची. पाण्यावर पालथं पडून मासे बघताना तास कसा जातो कळत नाही. ‘आपल्याला उन्हाचं काय कौतुक’ म्हणणारा नागपूरकरही संध्याकाळी पाठीला कोरफड चोळत बसलेला दिसतो. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून उतरावं, क्रीम थापत बसण्यापेक्षा ते सोपंही आहे आणि प्रवाळालाही बरं.

टोबॅगोत अर्धा दिवस जंगलाला द्यावा. मेन रिजचं अरण्य 1776 साली कायद्याने राखीव झालं, पश्चिम गोलार्धातलं हे सर्वांत जुनं संरक्षित जंगल मानतात. वाट निसरडी असते, चपला नकोत.

या सहलीत एकच गोष्ट करायला मिळणार असेल तर ती कासवांची रात्र असावी. त्रिनिदादच्या पूर्वेला मातुरा आणि उत्तरेला ग्रांद रिव्हिएर या किनाऱ्यांवर मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासविणी अंडी घालायला येतात. वेळासला कासव महोत्सवात ऑलिव्ह रिडलेची तळहातावर मावणारी पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिलेल्यांना हे प्रकरण भलतंच मोठं वाटेल. लेदरबॅकची मादी तीन-चारशे किलोंची, कधी त्याहून जड. पाठीवर कवच नाही, रबरासारखी काळी कातडी आणि तिच्यावर लांब उभ्या धारा. भरतीच्या रेषेवर येऊन ती पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवत अंगापुरता खळगा करते. मग मागच्या वल्ह्यांचं काम सुरू होतं. एक वल्हं ओंजळीसारखं मुडपून खड्ड्यात जातं, मूठभर वाळू अलगद वर आणून बाजूला टाकतं. लगेच दुसरं जातं. कडा ढासळू न देता हातभर खोल खड्डा होतो. ती हे मागे वळून न बघता करते. अंडी साधारण ऐंशी. शेवटी काही लहान, बिनबलकाची.

आता यातली मेख. मादी खड्डा खणत असताना तिच्यासमोर कुणी टॉर्च मारला की ती तशीच परत फिरते. अंडी घालायला लागली की ती एका गुंगीत जाते, आणि तेवढ्याच वेळात वाटाड्या लाल दिव्यात, मागच्या बाजूने जवळ नेतो. म्हणून फ्लॅश बंद, मोबाइलचा पडदाही बंद, पांढरे कपडे नकोत, आणि बोलायचं कमी. मोसमात या किनाऱ्यांवर वनखात्याच्या परवान्याशिवाय आणि वाटाड्याशिवाय जाता येत नाही. मातुरात 1990 पासून ‘नेचर सीकर्स’ ही गावकऱ्यांची संस्था हे काम पाहते. पूर्वी ज्या किनाऱ्यावर कासवं मारली जात, तिथे आज गावातलीच माणसं रात्रभर पहारा देतात. शिकारीवर बारमाही बंदी आली ती 2011 मध्ये. ‘परवाना कशाला, मी नेतो’ म्हणणारा एखादा ड्रायव्हर भेटतोच. त्याला नमस्कार करावा. ग्रांद रिव्हिएर राजधानीपासून दूर आहे, रस्ता वळणावळणाचा. रात्री परतण्यापेक्षा तिथेच मुक्काम ठेवावा.

खाण्याची चंगळ असते. ‘डबल्स’ म्हणजे दोन मऊ, हळदीच्या रंगाच्या तळलेल्या ‘बारां’मध्ये घातलेला छोल्यांचा रस्सा. सकाळी रस्त्यावर उभं राहून, कागदातून, बोटांनी खायचा. पुरी-छोले समोर आले म्हणून आपला माणूस खूश होतो. विक्रेता विचारतो, तिखट किती? एका टपरीवर माझ्यापुढे कोल्हापूरचे एक काका होते. “आम्हाला कसलं तिखट!” म्हणत त्यांनी भरपूर मागितलं. पहिल्या घासानंतर काकांनी टोपी काढली, दुसऱ्यानंतर काकूंच्या हातातली चिंचेची चटणी घेतली, आणि मग त्यांचं बोलणं बराच वेळ खुणांवर चाललं. त्रिनिदादच्या मोरुगा गावची स्कॉर्पियन मिरची 2012 मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या संशोधकांनी जगातली सर्वांत तिखट ठरवली होती. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ एवढंच म्हणावं. स्लाइटमध्येही घाम फुटतो.

बॅग भरताना लष्करी ठिपक्यांचे कपडे बाहेर काढून ठेवावेत. त्रिनिदाद-टोबॅगोत, आणि बार्बाडोस, जमैकासारख्या आणखी काही बेटांवर, सामान्य माणसाने ते घालणं गुन्हा आहे. लहान मुलाची चड्डी, टोपी, पाठपिशवी, काहीही चालत नाही.

जायचं कधी? जानेवारी ते मे कोरडे महिने. कॅरिबियनचा वादळी मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. ही दोन बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या बरीच दक्षिणेला आहेत, म्हणून इतरांपेक्षा सुरक्षित. पण 1963 मध्ये फ्लोरा वादळाने टोबॅगो उद्ध्वस्त केलं, आणि 1 जुलै 2024 ला बेरिल जवळच्याच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं. कार्निव्हलला जायचं तर ॲश वेन्सडेच्या आधीचे सोमवार-मंगळवार, आणि खोली कित्येक महिने आधी. मला विचाराल तर मे महिना. पाऊस अजून लागलेला नसतो, कासवं ऐन भरात असतात, आणि महिनाअखेरीस आगमनदिनाचे कार्यक्रम असतात. दोन बेटांमधली बोट तीनेक तास घेते आणि हलते भरपूर. ज्यांना मांडव्याची लाँचसुद्धा लागते त्यांनी विमानाची अर्ध्या तासाची फेरी घ्यावी.

शेवटी कागदपत्रं, कारण सहल इथेच बिघडते. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून आधी ते काढू नये. आणि पिवळा ताप. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदादचं नाव आहे. तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. घरी आईच्या हातचा वरणभात वाट बघतोय आणि तुम्ही विमानतळाजवळच्या एका खोलीत, असा तो मुक्काम. न्यू जर्सीहून त्रिनिदादला जाऊन तसेच पुढे पुण्याला लग्नाला येणारेही या नियमातून सुटत नाहीत. लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच रबरबँडने बांधून ठेवावं. चेक-इनच्या बॅगेत टाकलं तर आरोग्य तपासणीचं टेबल आधी येतं आणि सामानाचा पट्टा नंतर.