विलायतेत शाबासकी ओळखावी कशी, थट्टा घ्यावी कशी

ब्रिटनमध्ये पंधरा-वीस वर्षं संसार केलेल्या मराठी कुटुंबांकडे नव्याने येणाऱ्यांसाठी सूचना मागितल्या, तेव्हा थंडीचे कपडे, घरभाडं आणि दवाखान्यातली नोंदणी यांच्या जोडीला एक विषय जवळजवळ सगळ्यांनी काढला. इथे आपलं कौतुक झालं की नाही, आणि समोरचा हसला तो आपल्याला की आपल्याबरोबर, हे पहिलं वर्षभर उमजत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांनाही नाही. त्यापायी चांगली माणसं उगाच खचतात, तर काही जण सावध व्हायचं तिथे खूश होऊन घरी येतात.

इथे कौतुक हात राखून करतात. ‘नॉट बॅड’ ही शाबासकी आहे आणि ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’ त्याहून मोठी शाबासकी. साहेब एवढंच बोलले आणि पुढचं अवघड काम तुमच्याकडे दिलं, तर ते तुमच्यावर खूश आहेत हे नक्की समजा. ‘क्वाइट गुड’ मात्र जपून घ्या. अमेरिकेत त्याचा अर्थ चांगलंच जमलंय असा होतो, इथे बहुतेक वेळा ‘ठीक आहे, अजून हवं होतं’ असा. न्यू जर्सीहून लंडनला बदलून आलेल्यांची इथे हटकून गफलत होते. ‘ब्रिलियंट’ आणि ‘लव्हली’ हे शब्द तिकीट दाखवलं, सुटे पैसे दिले तरी कानावर पडतात. ते आभारासारखे घ्यावेत. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे पसंती नव्हे. आणि तुमच्या निर्णयाला कुणी ‘करेजस’ म्हणालं, तर कागद पुन्हा उघडून बघा. बीबीसीच्या १९८० साली सुरू झालेल्या ‘यस मिनिस्टर’ मालिकेत सचिवाच्या तोंडून हा शब्द आला की मंत्र्यांचा धीर सुटतो. पहिल्या हिवाळ्यात ही मालिका घरच्यांनी मिळून पाहावीच. इथल्या कचेरीतली भाषा तिच्याइतकी चांगली कुठेच शिकायला मिळत नाही.

शिफारसपत्राबद्दल एक सूचना. कामाविषयी काही न बोलता ‘वेळेवर येतात, टेबल नीटनेटकं ठेवतात’ एवढंच लिहिलेलं असेल, तर वाचणारा त्याचा अर्थ उलटा लावतो. अशा अपुऱ्या स्तुतीने माणूस मारण्याला इंग्रजीत ‘डॅम विथ फेंट प्रेझ’ म्हणतात. अलेक्झांडर पोपच्या १७३५ सालच्या कवितेतून हा वाक्प्रचार रूढ झाला. पत्र मागतानाच आपल्या कामाचे दोन-तीन ठोस दाखले लिहून द्या. त्यात कमीपणा नाही.

स्तुती झाली की आपण ‘छे हो, कसलं काय!’ म्हणतो. इथे ‘थँक यू’ म्हणून थांबावं. पण समोरचा स्वतःला नावं ठेवू लागला, ‘आयम होपलेस अ‍ॅट धिस’ म्हणाला, तर लगेच शिकवायला बसू नका. तो नम्रपणे बोलतोय, मदत मागत नाहीये.

मुलांच्या शाळेतली भाषा आणखी वेगळी. पालकभेटीत शिक्षिका ‘शी वर्क्स रिअली हार्ड’ म्हणाल्या की आईबाबांचा चेहरा उतरतो, पोरगी हुशार नाही असं सुचवतायत की काय असं वाटतं. तसं नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ सालच्या अभ्यासात असं आढळलं, की हुशारीबद्दल वाखाणलेली मुलं अपयशानंतर लवकर हिरमुसतात आणि मेहनतीबद्दल वाखाणलेली चिकाटीने पुढे जातात. तेव्हापासून बऱ्याच शाळांत मेहनतीचं कौतुक जाणीवपूर्वक केलं जातं. ‘चॅटी’, ‘लाइव्हली’ हे शब्द मात्र कान देऊन ऐका. मूल वर्गात फार बोलतं, हे त्यातून सौम्यपणे सांगितलेलं असतं. ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणजे अतिशहाणा.

आता हसण्याकडे. ‘टेकिंग द मिकी’ म्हणजे फिरकी घेणं. इथे फिरकी बहुधा आपल्यात घेतलेल्या माणसाची घेतात, परक्याशी फार अदबीने वागतात. ‘पुलिंग युअर लेग’ ऐकून आपल्याला पाय ओढणारे सहकारी आठवतात, पण तो अर्थ इथे नाही. खोटंच काही सांगून गंमत केली, एवढंच. चेहरा कोरा ठेवून विनोद करायची इथे जुनी रीत आहे, म्हणून हसू दिसलं नाही तरी विनोद असू शकतो. उलट ‘यू आर हॅविंग अ लाफ’ किंवा ‘व्हेरी फनी’ म्हणणारा पुष्कळदा वैतागलेला असतो. ‘फनी’ला दुसराही अर्थ आहे: दूध ‘फनी’ लागलं म्हणजे नासलेलं, छातीत ‘फनी’ वाटतंय म्हणजे अस्वस्थ वाटतंय. शेजारच्या आजींनी असं सांगितलं तर हसू नका, डॉक्टरांना फोन करा.

वयात आलेली मुलं असलेल्यांनी आणखी एक शब्द लक्षात ठेवावा: ‘लाफिंग गॅस’, म्हणजे नायट्रस ऑक्साइड. ब्रिस्टलमध्ये हम्फ्री डेव्हीने १८०० च्या सुमारास त्याचे प्रयोग केले. बाळंतपणात वेणा सुसह्य व्हाव्यात म्हणून इस्पितळात ऑक्सिजनबरोबर निम्मेनिम मिसळून तो देतात, तो घ्यायला घाबरू नये. पण नशेसाठी जवळ बाळगणं नोव्हेंबर २०२३ पासून गुन्हा आहे. मुलांशी याबद्दल स्पष्ट बोला.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. ‘इट्स ओन्ली बँटर’ या वाक्याखाली पुष्कळ काही खपवलं जातं आणि आपली माणसं ते हसून सोसतात. फिरकी आणि टवाळी ओळखायची एक कसोटी सगळ्या जुन्या कुटुंबांनी सांगितली: तुम्हीही उलट फिरकी घेऊ शकता का, आणि ‘हे मला आवडलं नाही’ म्हटल्यावर ती थांबते का? थांबत नसेल तर ती थट्टा उरत नाही. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०१० चा समानता कायदा लागू आहे. वर्ण, राष्ट्रीयत्व, धर्म, लिंग, वय अशा कारणांवरून कुणाचा मान दुखावणारं नकोसं वागणं हा त्या कायद्याने छळ ठरू शकतो, आणि ‘हेतू तसा नव्हता’ एवढ्याने कुणी सुटत नाही. घडलेलं त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, साक्षीदार कोण तेही लिहा. नोकरीतल्या तंट्यांसाठी ‘अ‍ॅकॅस’ ही सरकारी खर्चाने चालणारी संस्था आहे, तिचा सल्ला मोफत मिळतो. न्यायाधिकरणात जायला मुदत असते, म्हणून अ‍ॅकॅसला फोन करायला उशीर लावू नका.