प्रोग्रॅमेबल चिपची निवड व व्होल्टांचा मेळ

जिची अंतर्गत तर्करचना कारखान्यांत कायमची ठरलेली नसून आपणांस मागाहून हवी तशी घडवितां येते, तिला प्रोग्रॅमेबल लॉजिक चिप म्हणतात. अशी चिप निवडतांना आपण तिचा वेग व सामर्थ्य पाहतों. परंतु ज्या यंत्राशीं ती जोडावयाची, त्याच्या विद्युद्दाबाशीं तिचा मेळ बसतो कीं नाहीं, हा प्रश्न त्याहून आधींचा होय.

अंकीय यंत्रांत 'शून्य' व 'एक' हीं दोनच चिन्हें असतात. ५ व्होल्टांच्या टीटीएल पद्धतींत ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब म्हणजे शून्य व २ व्होल्ट किंवा त्याहून अधिक म्हणजे एक. मधील प्रदेश अनिश्चित. तेथें चिप आज एक व उद्यां दुसरें उत्तर देईल. पुढें चिपमधील घटक सूक्ष्म झाले व त्यांस ५ व्होल्ट सोसेनात. शिवाय शक्तिव्यय दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें, ५ वरून ३.३ व्होल्टांवर येतांच तो निम्म्याहून कमी होतो. म्हणून नव्या चिपा कमी दाबाच्या झाल्या.

आतां १९७६ सालीं निघालेल्या झेड-८० या ५ व्होल्टांच्या प्रोसेसरास ३.३ व्होल्टांची चिप जोडावयाची आहे असें समजूं. त्याच्या डेटा-तारांस 'एक' ओळखण्यास २ व्होल्ट पुरतात. तेथें अडचण नाहीं. परंतु त्याच्या क्लॉकच्या पिनेस सुमारें ४.४ व्होल्ट लागतात, तेथें ३.३ अपुरेच! उलट दिशेनें पाहतां, प्रोसेसरकडून येणारा दाब ३.३ च्या वर गेल्यास नव्या चिपची पिन जळण्याचें भय. झायलिंक्सच्या एक्ससी-९५००एक्सएल मालिकेच्या पिना ५ व्होल्ट सोसतात. त्याच कंपनीच्या, १.२ व्होल्टांचा गाभा असलेल्या स्पार्टन-३ मालिकेच्या पिना तो थेट सोसत नाहींत.

यावर उपाय आहेत. ५ व्होल्टांवर चालणारी ७४एचसीटी जातीची बफर-चिप २ व्होल्टांस 'एक' मानून पुढें जवळजवळ ५ व्होल्ट देते, ३.३ व्होल्टांवरील ७४एलव्हीसी२४५ ही ५ व्होल्ट निर्धास्त स्वीकारते. मात्र प्रत्येक उपायानें खर्च व विलंब वाढतो.

तात्पर्य, देणाऱ्या चिपचा किमान 'एक' घेणाऱ्या चिपला पुरतो काय, देणाऱ्याचा कमाल 'शून्य' घेणाऱ्याच्या मर्यादेंत आहे काय, आणि देणाऱ्याचा कमाल दाब घेणाऱ्यास सोसतो काय, हे तीन प्रश्न दोन्ही माहितीपत्रकें शेजारीं ठेवून प्रत्येक तारेस, दोन्ही दिशांनीं, विचारावे. आधीं आकडे जुळवावे. मग तारा जोडाव्या.