सभा घेणाऱ्याचे चुकले, तर?

वाचन : प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, मत्तय १८:१५-१७



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. आमच्या आळीतली प्रार्थनासभा एका घराच्या ओटीवर भरली होती. सभा घेत होत्या शेजारच्या एक मावशी. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले, पण सगळे वहीत नीट लिहून आणायच्या. ८ डिसेंबरच्या सणाविषयी त्या म्हणाल्या, "निष्कलंक गर्भसंभव म्हणजे पवित्र मरियेने कुमारिका असताना प्रभू येशूला गर्भी धारण केले."

मी तेव्हा नुकताच बायबलचा एक कोर्स पुरा केला होता. लगेच हात वर करून मी म्हणालो, "मावशी, हे साफ चूक आहे. तुम्ही लोकांना भलतेच शिकवताय." मग पाच-दहा मिनिटे मीच बोललो. मावशींनी वही मिटली. जपमाळ झाली, चहा झाला. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून तूच घे रे बाबा."

त्यानंतर त्यांनी सभा घेतली नाही. दुसऱ्या दोघींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "नको, आमचेही चुकले तर?" माझा मुद्दा बरोबर होता, पण माझ्यामुळे आमच्या आळीने सभा घेणाऱ्या तिघीजणी गमावल्या.

मुद्दा काय होता, तेही सांगतो. हा सण मरियेच्या स्वतःच्या गर्भसंभवाचा आहे. ती तिच्या आईच्या उदरात आली, त्या पहिल्या क्षणापासूनच देवाने तिला मूळ पापाच्या डागापासून मुक्त ठेवले, ही आपली श्रद्धा. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी ती श्रद्धासत्य म्हणून घोषित केली. मात्र त्या दिवशी मिस्सामध्ये गॅब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या निरोपाचे शुभवर्तमान वाचतात. त्यामुळे अनेकांची गल्लत होते. मावशींची झाली, तशी तुमची-माझीही होऊ शकते.

प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी काय केले?

इफिस शहरात अपुल्लोस नावाचा एक विद्वान आला. तो मूळचा आलेक्सांद्रियाचा, शास्त्रात पारंगत, बोलण्यात प्रभावी. तो सभास्थानात येशूविषयी मोठ्या उत्साहाने शिकवू लागला. पण त्याच्या शिकवणुकीत एक उणीव होती. त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता.

ऐकणाऱ्यांमध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे जोडपे होते. ही माणसे तंबू बनवण्याचा धंदा करणारी. सम्राट क्लौद्य याने यहुद्यांना रोम सोडायला लावले, तेव्हा ती तिथून निघाली होती. पौल त्यांच्याच घरी राहिला होता आणि त्यांच्याबरोबर काम करत होता. अपुल्लोसची उणीव त्यांच्या लक्षात आली. पण ते भर सभेत उठले नाहीत आणि "याला काही कळत नाही" असे घरोघर सांगतही सुटले नाहीत. त्यांनी त्याला आपल्याकडे नेले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

पुढे काय झाले तेही संत लूक सांगतो. अपुल्लोसला अखया प्रांतात जायचे होते, तेव्हा इफिसच्या बंधूंनी त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहून दिले. तिथे त्याने श्रद्धावंतांना मोठे साहाय्य केले. म्हणजे चूक दुरुस्त झाली आणि शिक्षकही टिकला. चूक दाखवताना आपलाही हेतू हाच असला पाहिजे.

आपण काय करावे?

१. आधी नीट समजून घ्यावे. लोयोलाचे संत इग्नेशियस आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगतात की, दुसऱ्याच्या बोलण्याचा होता होईल तो चांगला अर्थ घ्यावा. तसा अर्थ लागत नसेल, तर त्याला काय म्हणायचे आहे ते विचारावे, आणि तो खरेच चुकत असेल तर प्रेमाने सांगावे. पुष्कळदा आपणच अर्धवट ऐकलेले असते.

२. चूक कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. मिस्साची वेळ सहाऐवजी सात सांगितली गेली, तर तिथल्या तिथे सांगावे, नाहीतर लोक उशिरा येतील. त्यात कोणाचा अपमान नाही. बोलताना 'पेत्रा'ऐवजी 'पौल' म्हटले गेले, तर सोडून द्यावे. एखाद्याचे मत आपल्याला पटले नाही, तर ती चूकच नव्हे. पण श्रद्धेची गोष्ट चुकीची सांगितली गेली, तर गप्प बसणेही योग्य नाही.

३. एकांतात सांगावे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू हाच क्रम देतो : आधी दोघांनीच बोलावे, ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना सोबत न्यावे, आणि मगच मंडळीला सांगावे. आपण मात्र शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. सभा संपायच्या आत व्हॉट्सॲपवर चर्चा सुरू होते आणि ज्याचे चुकले त्याला ती सर्वांत शेवटी कळते.

४. दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. "मावशी, मागच्या सभेतला तो मुद्दा आपण दोघे पुन्हा वाचून पाहू या का? मग पुढच्या वेळी तुम्हीच सांगा." असे म्हटले तर लोकांना खरे कळते आणि सांगणाऱ्याचा मानही राहतो.

पालकांसाठी एक सूचना. धर्मशिक्षणाच्या वर्गात टीचरचे काही चुकले असे मूल घरी येऊन सांगते, तेव्हा मुलासमोर टीचरला नावे ठेवू नका. बरोबर काय ते मुलाला समजावा आणि टीचरला स्वतः जाऊन भेटा.

उघडपणे केव्हा बोलावे?

अंत्युखियात पेत्र बिगरयहुदी ख्रिस्ती लोकांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही जण आले, तेव्हा त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहुदी, बर्णबासुद्धा, तसेच वागू लागले. तेव्हा पौलाने सर्वांसमोर पेत्राला जाब विचारला (गलती २:११-१४). चूक उघड होती, तिच्या मागे इतर जण वाहवत होते आणि पंगतीतून तुटलेल्यांचा अपमान होत होता. एकांतात समजावून तो भरून निघाला नसता. पण पौल बोलला तो पेत्राच्या तोंडावर, पाठीमागे नव्हे. आणि पेत्राच्या नावे असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख 'प्रिय बंधू' असाच आहे (२ पेत्र ३:१५).

संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच दाखला दिला आहे. अधिकाऱ्यालाही चूक दाखवावी, मात्र नम्रतेने व आदराने. श्रद्धेला धोका असेल तर उघडपणेही, असे ते म्हणतात. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातील २१२ वे कलमही सांगते की, ख्रिस्तसभेच्या भल्यासाठी आपले मत धर्मगुरूंपुढे आदरपूर्वक मांडणे हा प्रापंचिकांचा हक्क आहे, आणि कधीकधी ते त्यांचे कर्तव्यही असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समजण्यात किंवा बोलण्यात झालेली चूक वेगळी आणि गुन्हा वेगळा. लहान मुलांशी कोणी गैर वागत असेल, तर ते झाकून ठेवणे म्हणजे प्रेम नव्हे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग ती व्यक्ती कोणीही असो.

ज्याचे चुकले त्याने काय करावे?

पोप बाविसावे जॉन यांनी १३३१ साली आव्हिन्यों येथील प्रवचनांत असे मत मांडले की, पुण्यवंतांच्या आत्म्यांना अंतिम न्यायाच्या दिवसापर्यंत देवाचे साक्षात दर्शन होत नाही. ती ख्रिस्तसभेची अधिकृत घोषणा नव्हती, त्यांचे स्वतःचे मत होते. तरी वाद उठला. पॅरिसच्या ईशज्ञान पंडितांनी त्याविरुद्ध मत दिले. अखेर ३ डिसेंबर १३३४ रोजी आजारी अवस्थेत त्यांनी कार्डिनलांसमोर ते मत मागे घेतले आणि दुसऱ्याच दिवशी ते देवाघरी गेले. त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली खरी शिकवण जाहीर केली. पोप महोदय आपले मत मागे घेऊ शकतात, तर "माझे चुकले" म्हणायला आपल्याला कसला कमीपणा?

गेल्या महिन्यात मी मावशींच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू चूक सांगितलीस त्याचे काही नाही रे. पण माझी सून तिथे बसली होती." इतकी वर्षे हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. "पुढची सभा आपण दोघे मिळून तयार करू, पण घ्यायची तुम्हीच," असे मी त्यांना म्हटले आहे. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. मी पुन्हा जाणार आहे.

चिंतनासाठी :

१. मी कोणाची चूक चारचौघांत दाखवून त्याचे मन दुखावले आहे का? त्याला मी भेटलो आहे का?
२. माझी चूक कोणी दाखवली, तेव्हा मी कसा वागलो?
३. आमच्या आळीत सभा घेणे कोणी सोडले आहे का? का सोडले?

प्रार्थना : हे प्रभो, खरे बोलण्याचे धैर्य आम्हाला दे, ते प्रेमाने सांगण्याची रीत शिकव, आणि आमचे चुकेल तेव्हा ऐकून घेणारे नम्र मन दे. आमेन.