बार खांद्यावर घेण्याआधी

स्क्वॅटमध्ये खाली बसणं कोणालाही जमतं. वर उठता आलं नाही तर काय, याचं उत्तर मात्र बार खांद्यावर घेण्याआधी तयार असावं लागतं. आमच्या जिममध्ये रॅकचे सेफ्टी रॉड काढून ठेवलेले असत. "मी आहे ना मागे," असं ट्रेनर सांगायचा. एकदा शेवटच्या रेपला मी खालीच अडकलो. त्याने मागून एकट्यानेच बार ओढला. बार कलला, क्लिप नसल्याने एका बाजूच्या प्लेट घसरून पडल्या आणि दुसरी बाजू धाडकन खाली आली. त्या झटक्याने कंबर अशी धरली, की पुढे बरेच दिवस वाकून बुटाची नाडी बांधणंही कठीण झालं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, तोच इथे सांगतो.

आधी रिकामा बार घेऊन पूर्ण खाली बसा. तो जिथपर्यंत येईल, त्याच्या दोन-तीन बोटं खाली सेफ्टी रॉड लावा. अडकलात तर बार त्यांवर टेकवून बाहेर पडता येतं. स्पॉटर घ्यायचेच असतील तर दोन घ्या, बारच्या दोन टोकांना, आणि दोघांनी एकदमच उचलायचं. दोन्हीकडे क्लिप लावा. प्लेट काढतानाही दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढा. एक बाजू पूर्ण रिकामी केली तर रॅकवरचा बारही उलटतो.

रॅकचे हुक छातीच्या मध्याइतके ठेवा, म्हणजे थकल्यावर टाचा उंचावून बार अडकवावा लागणार नाही. बार मानेच्या हाडावर घेऊ नका. त्याखालच्या पाठीच्या स्नायूंवर टेकवा. दोन-तीन छोटी पावलं मागे या, श्वास पोटात भरून पोट-कंबर चहूबाजूंनी घट्ट करा, मगच बसा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच जाऊ द्या, आत वळू देऊ नका.

तालमीतल्या बैठकीत खाली जाताना टाचा उचलतात. बारबेल घेतल्यावर ती सवय सोडावी लागते. टाचा शेवटपर्यंत जमिनीला हव्यात. धावण्याचे मऊ तळव्याचे बूट इथे घात करतात, सपाट किंवा कडक तळव्याचे घाला.

गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये, हा सल्ला सर्रास मिळतो. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गुडघे पुढे जाण्यापासून मुद्दाम अडवले, तेव्हा गुडघ्यांवरचा ताण थोडा कमी झाला, पण नितंबाच्या सांध्यावरचा कितीतरी पटींनी वाढला. गुडघे थोडे पुढे गेले तर घाबरू नका. कंबर मात्र खाली गोल होऊ देऊ नका. ती जिथे वाकायला लागते, तीच तुमची आजची खोली.

नुसता बारच 20 किलोचा असतो, महिलांचा 15 चा. सुरुवात तिथूनच करा. सगळ्या रेप नीट झाल्या तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. कंबरेत कळ आली किंवा पायात मुंग्या उतरल्या तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.

आणि जिथे सेफ्टी रॉड नाहीत किंवा लावू देत नाहीत, तिथे जड स्क्वॅट करू नका. कोणी मागे उभं असलं तरीही.