शेतकऱ्याच्या मुलाचें कारागिरीचें दुकान

ज्या कुटुंबांत तीन मुलगे व चार एकर जमीन आहे, त्या कुटुंबास आज ना उद्यां एका प्रश्नाचें उत्तर द्यावेंच लागतें: तिघांपैकीं नांगर कोणीं धरावा व दुसरा धंदा कोणीं करावा? महाराष्ट्रांत १९७०-७१ च्या कृषिगणनेंत दर खातेदारामागें सरासरी ४.२८ हेक्टर क्षेत्र होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टरवर आलें. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालींच झाला. परंतु कायद्यानें तुकडे थांबले तरी खाणारीं तोंडें थांबत नाहींत. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत गेली. त्यावरून त्याचें मत असें झालें आहे कीं, जमिनीचा आणखी एक वाटा पाडण्यापेक्षां घरांतील एक हात कारागिरींत कमावता करणें अधिक हिताचें आहे. तें कसें करावें याचा विचार येथें केला आहे.

धंद्याची निवड

धंदा केवळ आवडीवर न निवडतां गरज पाहून निवडावा. दुकान काढण्यापूर्वीं एक पुरा हंगाम वहींत टिपण ठेवावें: आपल्या व शेजारच्या गांवांत काय मोडलें, तें दुरुस्तीस कोठें नेलें, काम किती दिवस अडलें व पैसे किती पडले. पेरणीच्या तोंडावर पाभरीचा फण किंवा ट्रॅक्टरच्या नांगराचा फाळ मोडला, अथवा रब्बीच्या पाण्याच्या पाळीस पंपाच्या मोटारीचें वाइंडिंग जळलें, तर शेतकऱ्यास दुरुस्तीच्या दामापेक्षां हातचा गेलेला वाफसा महाग पडतो. जें काम अडल्यानें पीक अडतें, त्या कामास गिऱ्हाईक दूर जात नाहीं. अशीं कामें वहींत किती वेळां आलीं हें मोजावें. म्हणजे धंदा चालेल कीं नाहीं याचा अंदाज येतो.

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें लहानसें दुकान काढलें. पुढें कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर हीं शेतकऱ्याच्या उपयोगाचीं अवजारें त्यांनीं हातीं घेतलीं. लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीमुळें पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, तिचें मूळ या लहान दुकानांत आहे. नवी वस्तु कितीही चांगली असली तरी ती पटण्यास वेळ लागतो. तोंवर पोट भरण्यास चालू दुरुस्तीचें काम हातीं असावें.

हुन्नर

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर फिटर व वीजतंत्री यांचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. तेवढ्यावर लगेच दुकान मांडूं नये. निदान दोन हंगाम दुसऱ्याच्या दुकानांत राबावें. कामाचा अंदाज सांगणें, गिऱ्हाइकाशीं बोलणें आणि माल कोठून व कोणत्या भावानें घ्यावा हें जाणणें, या तीन गोष्टी शाळेंत येत नाहींत. त्या दुकानाच्या ओट्यावरच येतात.

भांडवल

जीं हत्यारें आठवड्यांतून एकदां तरी हातीं येतील तेवढींच प्रथम विकत घ्यावींत. वेल्डिंगचें यंत्र, ग्राइंडर, ड्रिल, शेगडी, ऐरण व पान्हे एवढ्यावर आरंभ होतो. लेथवरचें काम पहिलीं दोन वर्षें तालुक्याच्या गांवीं करवून आणावें. महिन्यांतून चार कामांसाठीं लेथ घेणें म्हणजे चार दिवसांच्या पेरणीसाठीं बारा महिने बैलजोडी पोसण्यासारखें आहे. पावसाळ्यांत काम मंदावतें, म्हणून निदान तीन महिन्यांचा खर्च वेगळा राखून ठेवावा.

सुतार, लोहार आदि अठरा कारागिरींकरितां केंद्र सरकारनें १७ सप्टेंबर २०२३ रोजीं विश्वकर्मा योजना सुरू केली. तींत पहिल्यानें एक लाख रुपयांपर्यंत, व तें फेडल्यावर दोन लाखांपर्यंत, तारणावांचून ५ टक्के व्याजानें कर्जाची तरतूद आहे. तारणाविना कर्ज मिळत असतां जमीन गहाण ठेवूं नये. सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा चढण्यास थोडे दिवस पुरतात. उतरण्यास कधीं कधीं एक पिढी लागते. आणि जमीन सामाईक असेल तर दुकान एकाचें व चिंता सर्व भावांची, असा प्रकार होतो.

आणखी एक सावधगिरी. शेतीपंपाच्या जोडणीवरून वेल्डिंग चालवूं नये. ज्या कामासाठीं वीज दिली त्याहून दुसऱ्या कामास ती वापरणें हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणें अनधिकृत वापर ठरतो. दुकानाची जोडणी निराळी घ्यावी.

मजुरीचा दर

बहुतेक दुकानें कामाविना बुडत नाहींत, चुकीच्या दरानें बुडतात. समजा, महिन्याचा खर्च असा आहे: भाडें ३,००० रुपये, वीज २,५००, मदतनीस १२,०००, व्याज व किरकोळ २,०००. हत्यारें दीड लाखांचीं असून पांच वर्षें टिकतील, तर त्यांची झीज महिन्यास २,५००. मालकाची स्वतःची मजुरी २०,०००. एकूण ४२,००० रुपये.

महिन्याचे २५ दिवस व रोजचे ८ तास धरल्यास २०० तास होतात. ४२,००० ला २०० नीं भागून नवखा कारागीर तासास २१० रुपये दर ठरवितो. परंतु माल आणणें, गिऱ्हाइकाशीं बोलणें, वीज जाणें यांत बराच वेळ जातो. मजुरी मिळते ती समजा १२० तासांचीच. तेव्हां हातीं येतात २५,२०० रुपये. तूट १६,८०० रुपयांची, व ती मालकाच्या मजुरींतूनच जाते. मदतनिसास १२,००० मिळतात आणि मालकास उरतात ३,२००! खरा दर ४२,००० ला १२० नीं भागून, म्हणजे तासास ३५० रुपये निघतो. मालाची किंमत यावर निराळी लावावी.

उधारी

पूर्वीं गांवचा सुतार व लोहार यांस बलुतें म्हणून सुगींत धान्य मिळे. वर्षभर काम करून एकदां दाम घेण्याची रीत तेथून आली. बलुत्याची हमी गेली, पण "सुगीवर देतों" हा शब्द मात्र राहिला. आजच्या कारागिरास लोखंड व तांब्याची तार रोखीनें आणावी लागते. म्हणून नियम असा करावा कीं मालाचे पैसे काम धरतांना घ्यावे. उधार राहिली तर फक्त मजुरी राहावी. प्रत्येक उधारीवर तारीख, रक्कम व गिऱ्हाइकाची सही असावी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें, पैसे देण्याची तारीख ठरली नसल्यास काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत दावा करावा लागतो. मुदत संपण्यापूर्वीं ऋणको लेखी कबुली सहीनिशीं देईल, तर मुदत नव्यानें धरली जाते. भावकींतील माणसाकडे सही मागण्यास संकोच वाटतो हें खरें; परंतु सही नसल्यानें तुटलेलीं नातीं सही मागितल्यानें तुटलेल्या नात्यांहून अधिक आहेत.

वह्या

वह्या तीनच, पण रोज लिहिलेल्या असाव्यात: रोजकीर्द, उधारीची खातेवही व कामाची वही. कामाच्या वहींत अंदाजाचे तास व प्रत्यक्ष लागलेले तास शेजारीं शेजारीं लिहावे. दुकानाचा गल्ला व घरखर्च एका डब्यांत ठेवूं नये. मालकानेंही ठरलेली मजुरीच उचलावी. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या जवळ जाऊं लागली तर वस्तु व सेवा कराच्या नोंदणीविषयीं जाणत्याचा सल्ला घ्यावा.

वर्ष भरल्यावर बाप व मुलगा यांनीं एकत्र बसून वह्या वाचाव्यात. मालकाची मजुरी निघत असेल तर दुकान वाढवावें. निघत नसेल तर दर, उधारी किंवा जागा यांपैकीं काय बदलावयाचें हें त्याच बैठकींत ठरवावें. शेताच्या उत्पन्नानें दुकान पोसण्याची पाळी दुसऱ्या वर्षींही आली, तर दुकान थांबवावें. हत्यारें विकलीं तरी हुन्नर हातांत राहतो व त्यावर दुसरीकडे काम मिळतें. विकलेली जमीन मात्र परत येत नाहीं.