छापखान्याआधी वाचणारी माणसं शोधा

पुस्तक स्वतः काढायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा छापखान्याचा नंबर शोधतो. माझं सांगणं असं की तो नंबर सगळ्यात शेवटी शोधा. आधी हस्तलिखित वाचणारी चार माणसं गाठा, मग पुस्तक विकत घेणारी पन्नास गाठा आणि त्यानंतर छापखान्याची पायरी चढा. मी काही साहित्यातला माणूस नव्हे. सांगलीत हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर हरिपूर-सांगलवाडीच्या पेवांवर एक पुस्तक लिहिलं. जमिनीत खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं न किडता राहायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि ती पद्धत मोडीत निघत गेली. पेव भरणारे हमाल, तोलाईदार हयात आहेत तोवर त्यांच्याकडची माहिती कागदावर यावी, एवढाच हेतू होता.

हस्तलिखित तयार झालं आणि दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीचा फोन आला. रौप्य, सुवर्ण, हीरक अशी पॅकेजं होती. मांडणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, देशभर विक्री, सगळं त्यांच्याकडे. पैसे भरले, करार आला, पुस्तक आलं. बाजारातल्या एका जुन्या तोलाईदाराने पहिली प्रत हातात घेतली, मधलं पान उघडलं आणि विचारलं, ‘दिवाणजी, हे काय छापलंय?’ ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दाच्या जागी ‘शेतकर्यांनी’ होतं. ‘व्यापाऱ्यांनी’चं ‘व्यापार्यांनी’ झालं होतं. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो युनिकोडमध्ये बदलताना ऱ्य, ऱ्ह ही अक्षरं फुटली आणि नंतर कुणी वाचून पाहिलंच नाही. शेतकरी आणि व्यापारी यांच्यावरच्या पुस्तकात हे दोन शब्द पानोपानी येणार, हे सांगायला नको. पुस्तक पूर्ण उघडलं की पाठीचा डिंक कडकन तडकायचा आणि पानं सुटायची. दुरुस्तीसाठी मूळ फाइल मागितली, तर ती कंपनीची मालमत्ता असल्याचं उत्तर मिळालं.

करार घेऊन मी साताऱ्याच्या एका वकील स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी तो ओळीओळीने वाचला. सर्व भाषांतले, सर्व माध्यमांतले हक्क कंपनीकडे दिलेले होते. मुदत मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम त्यांनी मला उघडून दाखवलं. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरतेच मानले जातात. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास ते हक्क संपतात. म्हणून करार हाती आला की आधी तीन गोष्टी पाहा: मुदत किती, हक्क कोणकोणते आणि मूळ फाइल कोणाची. कॉपीराइट लेखकाला लिहिल्याबरोबरच मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामी येते.

मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पैसे देऊन दुसऱ्याकडून पुस्तक काढून घेणं म्हणजे स्वयंप्रकाशन नव्हे. स्वयंप्रकाशनात कागद कोणता, किंमत किती, प्रती किती, दुसरी आवृत्ती कधी, हे सगळं लेखक ठरवतो. त्यासाठी लागणारी माहिती आपल्या सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत हाताच्या अंतरावर आहे, आणि ती बहुतेक फुकट आहे.

आपल्या भागाला हे काम नवं नाही. पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ च्या सुमारास औंधला आले. स्वाध्याय मंडळ काढून त्यांनी वेदांच्या संहिता आणि त्यांची भाषांतरं स्वतः छापली. १९४८ मध्ये पारडीला जाईपर्यंत हे काम औंधसारख्या लहानशा संस्थानी गावातून चाललं. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० मध्ये किर्लोस्करवाडीत निघालं, ते कारखान्याच्या कामाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायला. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक केलं. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ही आली. ज्या माळावर नांगर बनत होते, तिथूनच अख्ख्या महाराष्ट्रात मासिकं जात होती. दोन्हीकडे मला एकच गोष्ट दिसते. आपलं लिहिलेलं कोण वाचणार, हे त्यांना आधी माहीत होतं. सातवळेकरांची मासिकं वर्गणीदारांच्या घरी जात होती आणि नांगराच्या गिऱ्हाइकाचा पत्ता किर्लोस्करांच्या वहीत होता.

तुमच्या वहीत कोणाचे पत्ते आहेत? माझ्या पुस्तकाचे वाचक मार्केट यार्डात होते, हळद संशोधनातल्या मंडळींत होते, हरिपूरच्या घराघरांत होते. कंपनीचं ‘देशभर उपलब्ध’ त्यांतल्या एकाही माणसापर्यंत पोचलं नाही. सुधारलेली आवृत्ती मी स्वतः काढली, तेव्हा यार्डात चहाच्या वेळेला प्रकाशनपूर्व सवलतीची पावतीपुस्तकं फिरली आणि छपाईचा बराचसा खर्च पुस्तक छापायच्या आधीच जमला. मराठीत ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी पुस्तकांत आगाऊ वर्गणी देणाऱ्या आश्रयदात्यांची यादी छापलेली सापडते.

आता ही माणसं भेटतात कुठे, ते सांगतो. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर आहे. तिथे सदानंद सामंतांच्या स्मरणार्थ कवी सुधांशु आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३९ मध्ये साहित्य संमेलन सुरू केलं. ते संक्रांतीला भरतं. मोठा मंडप नाही, बडेजाव नाही. लिहिणारी आणि ऐकणारी माणसं शेजारी शेजारी बसतात. नव्या माणसाने पहिल्यांदा जावं ते इथे. सदानंद साहित्य मंडळाची मंडळी ओळख विचारतात, आणि पुढच्या वर्षी ती त्यांच्या लक्षात असते. साताऱ्यात जिल्हा ग्रंथमहोत्सव भरतो. तिथे गाळ्यामागे बसलेल्या विक्रेत्यांशी बोला, समोरच्या गर्दीशी नंतर बोलता येईल. कोणतं पुस्तक लोक हातात घेऊन परत ठेवतात आणि का ठेवतात, हे त्यांच्याइतकं कोणीच सांगू शकत नाही. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या त्या उपक्रमात घराघरांत पुस्तकं मांडली आहेत. तिथे एक दिवस नुसता काढा आणि शंभरेक पुस्तकांची नावाची पानं, पाठी, अक्षराचा आकार, समास पाहत बसा. मांडणी म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या शाखा सातारा जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत, कोल्हापूरची दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभाही या भागातल्या लेखकांना जवळची आहे. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष विश्वास पाटील होते. सांगलीला २००८ मध्ये म. द. हातकणंगलेकरांच्या अध्यक्षतेखाली ८१वं झालं होतं. अशा मोठ्या संमेलनात एकट्याने गाळा घेणं परवडत नाही, तो पाच-सहा लेखकांनी मिळून घ्यावा. आळीपाळीने बसता येतं आणि एकाचा वाचक दुसऱ्याचंही पुस्तक चाळतो.

आमची अशी एक बैठक आहे. कधी सांगलीत, कधी कऱ्हाडात. तिला नाव नाही, पदाधिकारी नाहीत. तिथे हस्तलिखित मोठ्याने वाचायचं असतं. लेखकाने मध्ये बोलायचं नाही, एवढा एकच नियम. ऐकणारा कुठे कंटाळला, ते न सांगता कळतं. माझ्या पुस्तकातलं मापांचं सबंध प्रकरण एका शिक्षिका ताईंनी मला उलटंसुलटं करायला लावलं, आणि पुस्तक तिथेच सुधारलं. अशी बैठक तुमच्या गावात नसेल, तर वाचनालयाच्या ग्रंथपालांना विचारा. संध्याकाळी तासभर एक खोली ते आनंदाने देतात.

मात्र सगळेच गट असे नसतात, आणि इथे माझा जीव तुटतो. भरपूर प्रवेश शुल्क घेऊन ‘राज्यस्तरीय पुरस्कार’ देणारे आहेत. ‘प्रातिनिधिक संग्रहा’त एक कविता घेऊन कवीला दहा प्रती विकत घ्यायला लावणारे आहेत. शाल, सन्मानचिन्ह, फोटो. त्या शालीचे पैसे आपल्याच खिशातून गेलेले असतात. खेड्यातली शिक्षिका, घरी बसून लिहिणारी सून, नुकता लिहू लागलेला विद्यार्थी यांना कुणीतरी पहिल्यांदा ‘लेखक’ म्हणतं, आणि त्या एका शब्दापायी महिन्याचा पगार जातो. जो गट तुमच्या लेखनातली एकही चूक दाखवत नाही आणि पैशाची गोष्ट पहिल्याच भेटीत काढतो, त्याच्यापासून दूर राहा.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींवर लोक हजारो रुपये घालवतात, म्हणून तेही सांगतो. आयएसबीएन केंद्र शासनाच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि लेखक स्वतःच्या नावाने तो करू शकतो. कंपनीने आपल्या नावावर घेतलेला क्रमांक असेल, तर प्रकाशक म्हणून तिचीच नोंद राहते. पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवायची असते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांनाही एकेक. बहुतेक स्वयंप्रकाशक हे करत नाहीत. उद्या कोणी हळदीच्या पेवांवर संशोधन करायला बसलं, तर त्याला माझं पुस्तक ज्या रस्त्याने सापडेल तो रस्ता हाच आहे.

पहिलंच पुस्तक असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात कधी निघते इकडे लक्ष ठेवा. देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात हे मंडळ उभं राहिलं आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, म्हणजे अनुदान मिळालं नाही तरी कोणीतरी जाणत्याने ते वाचलेलं असतं. छापल्यानंतर ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथयादीसाठी प्रत पाठवा. अनुदानित वाचनालयं खरेदी करताना ही यादी पाहतात. तालुक्याच्या वाचनालयाने घेतलेली एक प्रत चाळीस जण वाचतात.

छपाईचं थोडक्यात सांगतो. सोळा पानांचा एक फॉर्मा, म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत बसवा. नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे पडतात. फॉर्मे शिवून केलेली जुजबंदी थोडी महाग पडते, पण पानं सुटत नाहीत. छापण्याआधी त्याच कागदावरची, त्याच बांधणीची एक नमुना प्रत मागा आणि ती टेबलावर पूर्ण उलगडून दाबून पाहा. पहिल्यांदा शंभर प्रती डिजिटल छपाईने काढा. नग महाग पडतो, पण रक्कम अडकत नाही. मागणी दिसली की ऑफसेटवर पाचशे. मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे ई-पुस्तक करताना अक्षरं फुटत नाहीत. मुद्रितशोधन घरच्या माणसाकडून करून घेऊ नका. त्याला तुम्हाला काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, म्हणून चूक दिसत नाही. अरुण फडक्यांचा लेखन-कोश हाताशी ठेवा आणि मुद्रितशोधकाला त्याच्या कामाचे पैसे द्या. खर्चाला कात्री लावायचीच असेल, तर ती प्रकाशन समारंभाला लावा.

आणि प्रती तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. माझे गठ्ठे गावभागातल्या एका खोलीत होते. पाणी उतरल्यावर कागद फुगून दोऱ्या तुटलेल्या होत्या आणि पानाला पान चिकटलेलं होतं. आता मी कमी छापतो, आणि गठ्ठे तीन घरांत वाटून माळ्यावर ठेवतो.

पाठवणीचा खर्च हा आणखी एक प्रश्न. पोस्टाची नोंदणीकृत पुस्तकांची जुनी स्वस्त सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि आम्हा सगळ्यांचे हिशेब कोलमडले. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं आहे. त्यात तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये, वर कर. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. म्हणून पाकिटासकट पुस्तकाचं वजन कागद निवडतानाच धरा. तीनशे ग्रॅमच्या आत बसेल असा कागद आणि आकार ठरवला, तर वाचकाला टपालखर्च माफ करणं परवडतं.

आमच्या बैठकीत सध्या तासगावच्या एका ताईंचं हस्तलिखित वाचणं चालू आहे. बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणाऱ्या बायकांविषयी त्यांनी लिहिलंय. त्यांनाही पॅकेजचा फोन येऊन गेला आहे. शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत. ती झाल्यावर आयएसबीएनचा अर्ज त्या स्वतःच्या नावाने भरणार आहेत, आणि पावतीपुस्तकं घेऊन आम्ही आधी शेडवर जाणार आहोत.